दरवर्षी त्याच कोपऱ्यात फुटणारी पाळ : पाण्याचा अंदाज कुठे चुकतो आणि दुरुस्ती कुठून सुरू करावी

इंदूरच्या दक्षिणेला, महूहून मानपूरकडे जाणाऱ्या पट्ट्यात माझ्या आतेभावाची पाच हेक्टर काळी जमीन आहे. शेताच्या खालच्या कोपऱ्यात त्याने शेततळे खोदले, खोदलेल्या मातीची पाळ घातली आणि पाळीच्या एका टोकाला दीड मीटर रुंदीचा पक्का सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, बांधून घेतला. पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पाळ सांडव्याजवळ फुटली. उन्हाळ्यात जेसीबी लावून भगदाड बुजवले आणि पाळ अर्धा मीटर उंच केली. दुसऱ्या वर्षी ती त्याच भगदाडाच्या बाजूला दोन मीटरवर फुटली. तिसऱ्या वर्षी तेथे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, केले, वाळूची पोती रचली, आणि त्या पावसाळ्यात पाण्याने सांडव्याच्या भिंतीला बाजूने वळसा घालून खालच्या सोयाबीनमध्ये माणूस उभा राहील एवढी खोल घळ पाडली. चौथ्या उन्हाळ्यात त्याने मला बोलावले, तेव्हा त्याचा प्रश्न एवढाच होता की पाळ आणखी किती जाड करावी.

हाच प्रश्न मला माळव्यातल्या अनेक ठिकाणी, थोड्याफार फरकाने, विचारला गेला आहे आणि माझ्या मते तो मुळातच चुकीच्या जागी उभा राहून विचारलेला असतो. पाळ जिथे फुटते तिथे फक्त लक्षण दिसते. तिच्यावर किती पाणी, किती वेळात येणार याचा हिशेब चुकलेला असेल, तर कितीही माती टाकली तरी पाणी शेजारची कमजोर जागा शोधून काढते. म्हणून भगदाडाकडे पाठ फिरवून चढाकडे चालत जाणे, ही तपासणीची पहिली पायरी होय.

सुरुवातीला भगदाडाचा आकार मात्र नीट पाहून घ्यावा, कारण त्यावरून दोन वेगळे दोष ओळखता येतात. भगदाड माथ्यापासून खाली कापत गेले असेल, माथ्यावर पाणी वाहिल्याच्या खुणा म्हणजे अडकलेला काडीकचरा आणि लोळवलेले गवत दिसत असेल, तर पाणी पाळीवरून गेलेले आहे आणि सांडवा अपुरा आहे. याउलट माथा शाबूत असून पोटातून बोगदा पडल्यासारखी माती गेली असेल, तर तो झिरप्याचा दोष आहे. काळ्या मातीची पाळ उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात तळे झपाट्याने भरले की भेगा फुगून मिटण्याआधीच त्यांतून पाणी वाट काढते. आतेभावाच्या पाळीवर पहिल्या वर्षी झिरप्याचा दोष होता असे उरलेल्या तुकड्याच्या कापावरून वाटले. माती थराथराने दाबलेली नव्हती, ढेकळे तशीच होती. पण दुसऱ्या वर्षी पाणी सरळ वरून गेले होते आणि तिसऱ्या वर्षी सांडव्याला वळसा घालून. एकाच जागी दोन वेगळ्या कारणांनी पाळ फुटली आणि दोन्ही वेळा उपाय मात्र फुटलेल्या जागेपुरताच झाला, आधी आणखी माती आणि मग दगड.

आता हिशेबाकडे वळू. सांडवा बांधणाऱ्याने केलेला हिशेब आतेभावाने जपून ठेवलेल्या एका कागदावर होता. छोट्या पाणलोटासाठी सर्वत्र वापरले जाते तेच सूत्र त्याने वापरले होते : कमाल विसर्ग म्हणजे अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ, भागिले ३६०. तीव्रता मिलिमीटर प्रतितास आणि क्षेत्रफळ हेक्टरमध्ये घातले की उत्तर घनमीटर प्रतिसेकंद येते. त्याने गुणांक ०.३, तीव्रता ६० आणि क्षेत्रफळ ९ हेक्टर धरले होते, आणि उत्तर ०.४५ घनमीटर प्रतिसेकंद असे आले होते. दीड मीटर रुंद सांडव्यावरून ४० सेंटिमीटर खोलीचे पाणी वाहिले, तर सुमारे ०.६४ घनमीटर प्रतिसेकंद एवढे पाणी जाऊ शकते, म्हणजे कागदावर सांडवा पुरेसा होता. सूत्र बरोबर होते, गुणाकारही बरोबर होता. चुकले होते ते सूत्रात घातलेले तिन्ही आकडे, आणि तिन्ही एकाच दिशेने चुकले होते, हे या समस्येचे मर्म आहे.

पहिला आकडा क्षेत्रफळाचा. माळव्याचे पठार इतके सपाट आहे की पाणलोटाची सीमा डोळ्यांना दिसत नाही. इंदूरच्या दक्षिणेला तर एका बाजूचे पाणी गंभीर आणि चंबळ या नद्यांच्या वाटेने यमुनेला व पुढे गंगेला मिळते आणि थोड्याच अंतरावरचे पाणी चोरल नदीतून नर्मदेला जाते. अशा प्रदेशात अर्ध्या मीटरच्या उंचवट्याने पाण्याचे घर बदलते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशावर समोच्च रेषांमधले, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर २० मीटरचे असते, त्यामुळे दहा-पंधरा हेक्टरच्या पाणलोटासाठी तो नकाशा दिशा सांगण्यापलीकडे उपयोगी पडत नाही. उपग्रहचित्रावरून क्षेत्रफळ मोजणे सोपे वाटते, पण चित्रात बांध दिसतो, त्याचा उतार दिसत नाही. यावर मला माहीत असलेला खात्रीचा उपाय एकच : जोराचा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन वरच्या शिवारात चालणे आणि पाणी कुठून कुठे वळते ते पाहून त्या जागी खुंट्या ठोकणे. आम्ही जुलैमध्ये तसे चाललो, तेव्हा नऊ हेक्टरच्या वर आणखी पाच हेक्टरचे पाणी येत असल्याचे दिसले. शेताच्या वरून गेलेला गावरस्ता काही वर्षांपूर्वी भराव घालून उंच केलेला होता. त्याच्या कडेच्या चरातून पलीकडच्या शिवाराचे पाणी एका पाइप मोरीपर्यंत येई आणि मोरीतून थेट आमच्या पाणलोटात उतरे. रस्ता होण्याआधी ते पाणी दुसऱ्या नाल्याला जात होते, असे शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने सांगितले. क्षेत्रफळ नऊ नव्हे, चौदा हेक्टर होते.

दुसरा आकडा गुणांकाचा. ०.३ हा गुणांक सपाट, रेताड पोयट्याच्या लागवडीखालील जमिनीचा आहे. तक्त्यात पहिला तोच येतो, म्हणून घाईत तोच उचलला जातो. भारी चिकण जमिनीला, पाच टक्क्यांपर्यंतच्या उतारावर, ०.६ धरावा लागतो. यावर आतेभावाने घेतलेली हरकत मात्र विचार करण्याजोगी होती. तो म्हणाला, की जूनमध्ये पहिले दोन पाऊस शेत पिऊन टाकते, बांधापर्यंत थेंब येत नाही, मग निम्म्याहून जास्त पाणी वाहून जाते असे कसे म्हणायचे? त्याचे निरीक्षण खरे आहे. कोरड्या काळ्या मातीच्या भेगा पहिला पाऊस गिळतात. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते आणि त्यानंतरचा प्रत्येक जोरदार पाऊस जवळजवळ छपरावर पडल्यासारखा वाहतो. पाळ जूनमध्ये कधीच फुटली नाही, तिन्ही वेळा ती ऑगस्टमध्येच फुटली, याचे कारण हेच.

ही गोष्ट आकड्यांत पाहायची असेल, तर कर्व्ह नंबरची पद्धत (जमीन व लागवडीनुसार शंभरपर्यंतचा एक अंक धरून पावसातले किती पाणी वाहील ते काढणारी) अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात आधीच्या पाच दिवसांच्या पावसाचा विचार केलेला असतो. पीक उभे असताना मागील पाच दिवसांत ३५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला असेल तर जमीन कोरडी, ५३ मिलिमीटरपेक्षा जास्त झाला असेल तर ओली, आणि मधली स्थिती सरासरी समजतात. उताराचा विचार न करता सरळ ओळींत पेरलेल्या भारी काळ्या जमिनीचा सरासरी कर्व्ह नंबर आपल्याकडच्या तक्त्यांत ९३ दिलेला आहे. कोरड्या स्थितीत तो सुमारे ८५ आणि ओल्या स्थितीत सुमारे ९७ होतो. काळ्या जमिनीसाठी आपल्याकडे आणखी एक दुरुस्ती वापरतात : सरासरी व ओल्या स्थितीत सुरुवातीला जिरणारे पाणी साठवण क्षमतेच्या (कर्व्ह नंबरवरून निघणाऱ्या, जमीन धरू शकेल तेवढ्या पाण्याच्या) ०.३ पट न धरता ०.१ पट धरतात. एका दिवसात ७५ मिलिमीटर पाऊस पडला असे धरून दोन्ही टोकांचा हिशेब केला, तर कोरड्या जमिनीवरून सुमारे ३६ मिलिमीटर आणि ओल्या जमिनीवरून सुमारे ६७ मिलिमीटर पाणी वाहते. चौदा हेक्टरवर याचा अर्थ सुमारे ५,००० घनमीटर विरुद्ध ९,४०० घनमीटर. आणि शेततळे? वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना दीडास एक उतार, म्हणजे त्याची धारणशक्ती दोन हजार घनमीटरच्या आतच. ऑगस्टमध्ये ते आधीच काठोकाठ भरलेले असते. अशा वेळी येणारे सगळे पाणी सांडव्यानेच जायचे असते, ‘तळे थोडे पाणी झेलून घेईल’ ही आशा हिशेबात कुठेही धरता येत नाही.

येथे एक सूचना. वर्तमानपत्रात येणारा पावसाचा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या वेळेचा असतो. पहाटे सहाला सुरू होऊन अकराला थांबलेला एकच पाऊस त्यामुळे दोन तारखांत विभागला जातो आणि दोन्ही आकडे सौम्य दिसतात. आतेभावाने जपून ठेवलेल्या नोंदींत पाळ फुटल्याच्या दिवशीचा पाऊस बेताचाच दिसत होता, म्हणून पाळच निकृष्ट असली पाहिजे असा निष्कर्ष त्याने काढला होता. दोन दिवसांची बेरीज केली तेव्हा चित्र बदलले. शक्य असेल त्याने शेतावर साधे पर्जन्यमापक पात्र ठेवावे आणि पाऊस थांबल्याबरोबर मोजून तारखेसह वेळही लिहावी.

तिसरा आकडा तीव्रतेचा, आणि सर्वांत मोठी चूक येथे होती. पाणलोटाच्या सर्वांत दूरच्या टोकावरचे पाणी सांडव्यापर्यंत पोहोचायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात पडणारा सर्वांत जोरदार पाऊस हिशेबात घ्यायचा असतो. तासाभराचा पाऊस घेणे तेव्हाच योग्य, जेव्हा पाण्याला यायला एक तास लागत असेल. हा वेळ काढण्यासाठी किर्पिच यांनी १९४० मध्ये मांडलेले सूत्र लहान शेती-पाणलोटांना वापरतात : मीटरमधील लांबीचा ०.७७ वा घात, गुणिले उताराचा (टक्क्यांत नव्हे, उतरण भागिले लांबी असा) उणे ०.३८५ वा घात, गुणिले ०.०१९४७, आणि उत्तर मिनिटांत. आमच्या पाणलोटाची लांबी ६२० मीटर आणि एकूण उतरण ११ मीटर, म्हणजे उतार सुमारे १.८ टक्के होता. वेळ आला फक्त १३ मिनिटे. तेरा मिनिटांचा पाऊस तासाभराच्या सरासरीपेक्षा कितीतरी जोरदार असू शकतो. मृदसंधारण संशोधक राम बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये भारतातील अनेक केंद्रांसाठी तीव्रता, कालावधी आणि वारंवारता यांचे सूत्र बसवले, त्यात इंदूरही आहे. त्यानुसार दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस तासाभरासाठी ताशी सुमारे ६० मिलिमीटर, पण तेरा मिनिटांसाठी ताशी सुमारे १३५ मिलिमीटर तीव्रतेचा निघतो. सांडवा बांधणाऱ्याचा ६० हा आकडा इंदूरचाच होता, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होता.

तिन्ही आकडे बदलून तेच सूत्र पुन्हा मांडले : ०.६ गुणिले १३५ गुणिले १४, भागिले ३६०, म्हणजे ३.१५ घनमीटर प्रतिसेकंद. मूळ अंदाजाच्या बरोबर सातपट. क्षेत्रफळाने दीडपट, गुणांकाने दुप्पट आणि तीव्रतेने सव्वादोनपट अशा तीन चुका, ज्यांपैकी प्रत्येक सुटी पाहिली तर क्षम्य वाटावी, एकमेकींनी गुणल्या जाऊन सातपट झाल्या. ज्यांची पाळ पुन्हापुन्हा फुटते त्यांनी एवढे तरी करावे, की आपल्या हिशेबातल्या तिन्ही आकड्यांच्या शेजारी ‘हा कुठून घेतला’ असे लिहून काढावे. उत्तर ‘तक्त्यात होता’ किंवा ‘सगळे हाच घेतात’ असे आले, तर तो आकडा संशयित समजावा. पक्क्या बांधकामासाठी दहा वर्षांऐवजी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरणे योग्य, त्याने विसर्ग ३.६ घनमीटर प्रतिसेकंदपर्यंत जातो आणि अर्धा मीटर खोलीच्या प्रवाहासाठी सांडवा सुमारे सहा मीटर रुंद लागतो. दीड मीटरच्या जागी सहा मीटर हे ऐकून आतेभावाचा चेहरा उतरला, आणि ते साहजिक होते.

हा खर्च कमी करता येतो का, या प्रश्नापाशी जमिनीच्या धुपीचा विषय येतो, आणि माझ्या दृष्टीने तो पाळीपेक्षाही महत्त्वाचा आहे. पाळ फुटली तर दिसते. वरच्या शेतातून निघून गेलेली माती दिसत नाही. आम्ही तळे कोरडे पडल्यावर मे महिन्यात तळाशी सहा ठिकाणी सळई खुपसून गाळ मोजला. एका पावसाळ्यात सरासरी २२ सेंटिमीटर गाळ साचलेला होता. २१ बाय २१ मीटरच्या तळावर तो सुमारे ९७ घनमीटर होतो, आणि बसलेल्या गाळाचे वजन घनमीटरला १.१ टन धरले तर शंभर टनांच्या वर. चौदा हेक्टरला विभागून हेक्टरी साडेसात टनांहून अधिक माती केवळ तळ्यात अडकली. तळ्यावरून वाहून गेलेली आणि वाटेत बांधांच्या कडेला साचलेली वेगळीच. १९८३ मध्ये ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी देशाची सरासरी धूप हेक्टरी वर्षाला १६.४ टन असल्याचा अंदाज दिला होता. एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर हेक्टरभर पसरलेला असेल तर त्याचे वजन सुमारे १३ टन भरते, म्हणजे १६.४ टन म्हणजे सव्वा मिलिमीटर. दर वर्षी सव्वा मिलिमीटर गेल्याचे कोणाच्याही डोळ्यांना कळत नाही, आणि तो थर नेमका सर्वांत सुपीक असतो, याची मला अतिशय खंत वाटते.

चढावर फिरताना धुपीची कारणे स्पष्ट दिसत होती. पेरणी उताराच्या दिशेने होती, कारण शेताची लांब बाजू तशी आहे आणि ट्रॅक्टरला कमी वळणे घ्यावी लागतात. पेरणीची प्रत्येक ओळ पाण्याची नाली झाली होती. जुने धुरे, म्हणजे शेताच्या कडेचे बांध, दोन ठिकाणी नांगरून काढलेले होते. सोयाबीन येण्यापूर्वी माळव्यातील बरीच भारी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीत गहू-हरभरा घेत असत. आता खरिपात पीक उभे असते हे धुपीच्या दृष्टीने चांगलेच, पण पेरणीपासून पाने जमीन झाकेपर्यंतचे पहिले काही आठवडे जमीन उघडी आणि भुसभुशीत असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत जोरदार सरी येतात.

येथे एक चूक टाळायला हवी, जी मी स्वतः तरुणपणी केली होती. हलक्या जमिनीवर उत्तम चालणारे समतल बांध, म्हणजे पाणी जागीच अडवणारे बांध, भारी काळ्या जमिनीवर घालू नयेत. पाणी जिरत नाही, बांधाशी तुंबते, पीक पिवळे पडते, आणि उन्हाळ्यात तडकलेला बांध पुढच्या पावसात फुटतो. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळते आणि सगळे बांध एका रांगेत फुटत जातात. काळ्या जमिनीवर ढाळीचे बांध हवेत, ज्यांच्या वरच्या अंगाच्या चराला ०.२ ते ०.४ टक्के एवढाच उतार दिलेला असतो, म्हणजे शंभर मीटरला २० ते ४० सेंटिमीटर. पाणी थांबत नाही, पण दमाने चालते. दोन बांधांमधील उभे अंतर ठरवण्याचा प्रचलित नियम असा, की उताराच्या टक्केवारीला तीनने भागून त्यात दोन मिळवावेत आणि येणाऱ्या संख्येला ०.३ ने गुणावे, १.८ टक्के उतारावर ते ०.७८ मीटर येते, म्हणजे जमिनीवर सुमारे ४३ मीटर. आमच्या शेतावर असे तीन बांध बसले. आखणीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पातळी पुरते, मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, कारण येथे सगळा खेळ काही सेंटिमीटरचा आहे.

ढाळीच्या बांधांचे पाणी कुठेतरी सोडावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी नेमके हेच विसरले जाते. बांध आधी आणि पाण्याची वाट नंतर, असा क्रम लावला तर बांधाच्या टोकाशी नवी घळ सुरू होते. आधी शेताच्या कडेने रुंद, उथळ, बशीच्या आकाराची पाणवाट काढावी, तिच्यावर हरळी किंवा मारवेल लावून एक पावसाळा ती रुजू द्यावी आणि मगच बांधांची टोके तिच्यात सोडावीत. गवत नीट धरलेल्या वाटेत पाण्याचा वेग सेकंदाला एक ते दीड मीटरपर्यंत चालतो. उघड्या मातीत त्याच्या निम्म्या वेगालाही काप सुरू होतो. आतेभावाला एक वर्ष थांबणे जड गेले, पण त्याने थांबून दाखवले.

घळीबाबत थोडेच सांगतो. खालच्या सोयाबीनमध्ये पडलेल्या घळीत आम्ही अनघड दगडांचे पाऊण मीटर उंचीचे लहान बांध घातले. घळीच्या तळाचा उतार सुमारे चार टक्के असल्याने खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत येईल असे १९ मीटरचे अंतर ठेवले. मध्यभाग कडांपेक्षा खोलगट ठेवणे आणि दोन्ही टोके काठात अर्धा मीटर आत रोवणे, या दोन गोष्टी चुकल्या तर दगडी बांध पाण्याला काठाकडे ढकलतो आणि घळ रुंद करतो. तिसऱ्या वर्षीच्या पिचिंगने तेच केले होते. घळीच्या डोक्याशी, जिथे ती रोज थोडी मागे सरकते, तिथे उतार घालून वाळ्याच्या दोन ओळी लावल्या.

हे सगळे केल्यावर हिशेब कुठे येतो? ढाळीच्या बांधांनी आणि गवताच्या वाटेने पाण्याला यायला तेराऐवजी सुमारे पंचवीस मिनिटे लागतील असे धरले, तर पंचवीस वर्षांच्या पावसाची तीव्रता ताशी १५५ वरून सुमारे १२० मिलिमीटरवर उतरते. शिवाय रस्त्याच्या मोरीचे पाच हेक्टरचे पाणी त्याच्या मूळ नाल्याला परत गेले, तर विसर्ग १.८ घनमीटर प्रतिसेकंदच्या आसपास येतो आणि सहा मीटरऐवजी तीन मीटरचा सांडवा पुरतो. एकूण पाण्याचे प्रमाणही कमी होते : चांगले बांध घातलेल्या अशाच जमिनीचा सरासरी कर्व्ह नंबर ७९ धरतात, आणि ओल्या स्थितीतही ७५ मिलिमीटर पावसातले ६७ ऐवजी सुमारे ५१ मिलिमीटर पाणी वाहते. हा फरक चौथ्या हिश्श्याहून थोडा कमीच आहे, म्हणून ‘बांध घातले, आता पाणी येणारच नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण चौदा हेक्टरवर तो दोन हजार घनमीटरच्या वर जातो, म्हणजे सबंध शेततळ्यापेक्षा जास्त पाणी जमिनीतच राहते.

तरीही मी आतेभावाला सांडवा सहा मीटरचाच बांधायला सांगितला. वरच्या नऊ हेक्टरपैकी चार हेक्टर शेजाऱ्यांचे आहेत. त्यांनी या वर्षी बांध ठेवले, पण पुढच्या वर्षी ते नांगरले जाणारच नाहीत याची हमी आपण देऊ शकत नाही. मोरीचे पाणी वळवण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज केलेला आहे. ते पाणी आपणच चर खोदून दुसऱ्याच्या शेतात सोडणे न्यायाचे नाही आणि त्यातून भांडण उभे राहते. जे आपल्या हातात नाही ते झाले असे धरून बांधकाम लहान करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च वाचवायचा असेल तर पक्क्या भिंतींऐवजी मूळ, न हलवलेल्या जमिनीतून काढलेला रुंद गवती सांडवा घ्यावा. आमचा सहापैकी साडेचार मीटर भाग तसाच आहे. पाळीच्या भरावातून सांडवा काढणे मात्र कटाक्षाने टाळावे.

पाळीची दुरुस्ती सर्वांत शेवटी झाली. भगदाडाचे उभे काप तिरके करून पायऱ्या पाडल्या, पायात अर्धा मीटर खोल चर खणून पक्क्या थरापर्यंत गेलो, १५ ते २० सेंटिमीटरचे थर ओल देऊन दाबले आणि बाहेरच्या दोन्ही अंगांवर मुरमाचे आवरण दिले, म्हणजे आतली काळी माती उन्हात तडकणार नाही. सर्वांत मोठ्या प्रवाहाच्या पातळीच्या वर अर्धा मीटर मोकळी उंची ठेवली.

जमिनीच्या भुसभुशीतपणाबद्दल एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात ज्या संस्थेत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली, ती संस्था इंदूरचीच, आजचे कृषी महाविद्यालय आहे तिथली. शेणखत आणि पालापाचोळा कुजून मातीत मिसळला की तिचे कण धरून राहतात, थेंबाच्या माराने फुटून वरची छिद्रे बुजत नाहीत, आणि पाणी आत जायला वाट राहते. आतेभाऊ सोयाबीनचा भुसा धुऱ्यावर जाळत असे. आता तो ओळींमध्ये पसरतो. याचा आकडा मी दिलेल्या कोणत्याही हिशेबात नाही, पण पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि तळ्यातील गाळ यांत तो कधीतरी दिसेल असे मला वाटते.

गेल्या पावसाळ्यात पाच दिवस झड लागल्यानंतर एक मोठी सर आली, तेव्हा मी मुद्दाम इंदूरहून गेलो. सांडव्याच्या खांबावर रंगवलेल्या पट्ट्यांवरून पाण्याची खोली २८ सेंटिमीटरपर्यंत गेल्याचे दिसले. सहा मीटर रुंदीला ते दीड घनमीटर प्रतिसेकंद भरते. जुन्या सांडव्यावर एवढे पाणी आले असते तर ते पाऊण मीटरच्या आसपास चढले असते आणि पाळीवरून गेले असते. मोरीचे पाणी अजूनही येतेच आहे आणि अर्जावर उत्तर आलेले नाही. वरच्या शेतातला मधला ढाळीचा बांध एका ठिकाणी बैलगाडीच्या चाकोरीने खचला होता, तेथून पाणी सरळ खाली उतरत होते. दुसऱ्या दिवशी वाफसा येण्याची वाट न पाहता दोघांनी फावड्याने तो भरून घेतला आणि गाडीवाट बांधाच्या टोकाकडून वळवली.